दोन दिवस आधीची कोप

मुलगी सोलापूरहून सुट्टीला आली ती पिशवीत एक मासिक घेऊन. त्यात ‘नाताळात घर कसं सजवाल? बारा नव्या कल्पना’ असा लेख आहे. बाराही कल्पना मी नीट वाचल्या. पहिली कापसाची, चौथी कापसाची आणि नववीही कापसाचीच, फक्त तिच्यावर अभ्रकाची भुकटी टाकायची. म्हणजे बारा म्हणून सांगितलेल्या कल्पना मोजल्यावर दहा भरतात. सातव्या कल्पनेसाठी ‘घरात पडलेली सुरूची फांदी’ लागते. आमच्या घरात पडून राहिलेल्या वस्तू पुष्कळ आहेत, मीही त्यातच येतो. सुरूची फांदी मात्र नाही.

“बाबा, तुम्ही वाचू नका,” मुलगी म्हणाली. “तुम्ही वाचत नाही, तपासता.”

मासिक माझ्या हातातून गेलं आणि पाऊण तासात खिडकीच्या कट्ट्यावर दीड इंच बर्फ साचला. त्या बर्फाच्या पलीकडं रान दिसतं. शाळू निसवायला लागलाय, तूर काढायला आलीय, आणि सकाळी दहालाच ऊन असं की अंगातली बंडी काढून ठेवावी लागते. आमच्या गल्लीत बर्फ पाहिलेली माणसं आहेत, नाही असं नाही. सगळ्यांनी तो सोडावॉटरच्या दुकानात, लाकडाच्या भुशात पुरलेला पाहिला आहे. मग खिडकीत तो साचला कसा? हा प्रश्न वर्षानुवर्षं कुणालाच पडत नाही. मला दरवर्षी पडतो, आणि दरवर्षी मीच रसहीन ठरतो.

ठरू दे. सजावटीविषयी माझं मत साधं आहे. जी वस्तू जिथं नाही ती तिथं आहे असं दाखवण्याच्या खटपटीला सजावट म्हणतात. भिंत पडकी असेल तिथं पताका लावतात, आणि घरात हसू नसेल तिथं दारावर ‘सुस्वागतम्’ लिहितात. माझी सगळी नोकरी पैमाईश खात्यात, म्हणजे जमीनमोजणीत गेली. बांध जिथं आहे तिथंच दाखवायचा, एक हात इकडं नाही की तिकडं नाही, हे मी तेहतीस फुटांच्या साखळीला धरून शिकलो. अशा माणसाला कापसाचा बर्फ पटवायचा तर कापूस फार लागेल.

तरी आज हे लिहायला बसलो याचं कारण मासिक नव्हे, पंचांग. या वर्षी येळवस नाताळानंतर बरोबर दोन दिवसांनी आली आहे. एकोणीस वर्षांमागंही अशीच आली होती. तिथी आणि तारीख एकमेकींपासून लांब जातात, पण एकोणीस वर्षांनी फिरून पुन्हा जवळजवळ त्याच जागी भेटतात. हे गणित मी तेव्हाच मांडलं होतं, आणि एकोणीस वर्षांनी मी कुठं असेन याचा अंदाजही केला होता. अंदाज बरोबर आला. मी इथंच आहे.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्या मुलखातली माणसं घरांना कुलपं लावून रानात जातात. कडब्याच्या पाच पेंढ्या शेंड्याशी एकत्र बांधून, वर शाल पांघरून रानात कोप उभी करतात. कोप म्हणजे फक्त वाकून आत शिरता येईल एवढी खोपटी. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. मग आंबील चारी बाजूंना शिंपडत ‘ओलगे, ओलगे’ म्हणून ओरडतात. त्याचा अर्थ मी चौघांना विचारला होता, पाच अर्थ मिळाले. पूजा झाली की भज्जी, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, खीर. भज्जी म्हणजे पुण्यामुंबईची तळलेली भजी नव्हे. ती सगळ्या कोवळ्या शेंगा आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली असते, आणि एकदा खाल्लेला माणूस वर्षभर तिच्याविषयी बोलतो. आमच्या भागाबाहेर मात्र हा सण कुणाला ठाऊक नसतो. बाहेरच्यांना आमच्याकडचं काय ठाऊक असतं म्हणा!

एकोणीस वर्षांमागं निजामाचं राज्य होतं. गाव सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि माणसांच्या तोंडात धाराशिव. जगात लढाई चाललेली, रॉकेल चिठ्ठीवर, आणि कागद इतका दुर्मिळ की कचेरीत पाठकोऱ्या कागदाचीही नोंद ठेवत. मी चौतीस वर्षांचा होतो. आम्ही नवराबायको मूळचे लोहाऱ्याकडचे, दोघंही लिंगायत शेतकऱ्यांची पोरं. त्याच्या नऊ वर्षं आधी मी बाप्तिस्मा घेतला होता. का घेतला, ते इथं सांगत बसत नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं आहे. माझ्या मागोमाग बायकोनंही घेतला. तेव्हाच्या उपदेशकांनी तिला नवं नाव सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, “नाव बदलून पाणी गोड हुतंय का?” आणि गंगाची गंगाच राहिली. तिनं गळ्यातलं लिंग उतरवलं त्या दिवसापासून तिचे वडील, म्हणजे अप्पा, तिचं नाव घेईनासे झाले. नऊ वर्षांत त्यांचं पाऊल आमच्या दारात पडलं नाही. पोटी मूल नव्हतं. गंगा दिवसभर घरात एकटी असे. संध्याकाळी मी आलो की ती मला गावाकडच्या कुठल्या तरी विहिरीची, कुठल्या तरी गाईची गोष्ट सांगायची. मी ऐकायचो आणि मनातल्या मनात त्या विहिरीचं अंतर काढायचो. छत्तीस मैल.

तर तो नाताळ.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा अकरा घरं होती. उपदेशक घाटाखालून नव्यानं बदलून आलेले, उत्साही गृहस्थ. उत्साही माणसाइतका उपद्रव टोळधाडसुद्धा देत नाही. टोळ निदान एका हंगामात निघून जातात. त्यांना परदेशातून एक चित्राचं कार्ड आलं होतं. त्यात एक घर, घराच्या छपरावर बर्फ, दारात शेंड्याकडं निमुळतं होत गेलेलं झाड, दारावर काटेरी पानांचं कडं आणि कड्यात लाल फळं. रविवारी त्यांनी ते कार्ड वर धरून अकरा घरांना दाखवलं आणि जाहीर केलं, “चित्रात जे जे आहे, ते ते नाताळाच्या दिवशी प्रत्येकाच्या दारी दिसलं पाहिजे. मी स्वतः फिरून पाहीन, आणि शेरा लिहीन.”

आता सरळ शेंड्याचं झाड आमच्या मुलखात एकच, तारेचा खांब. तो उपटता येत नव्हता. मग ठरलं, बाभळ. अकरा दारांत, अकरा फुटक्या डब्यांत, अकरा बाभळीच्या फांद्या रोवल्या गेल्या. बर्फासाठी कापूस हवा, बाजारात मिळेना. मग लोकांनी गाद्या उसवल्या. डिसेंबरातल्या कडाक्याच्या पहाटेला जो कापूस अंगाखाली हवा, तो काढून झाडावर लावला आणि त्याला थंडी म्हटलं. दोन घरांतली म्हातारी माणसं त्या आठवड्यात खोकत होती. तरी ‘किती सुंदर’ म्हणत होती.

काटेरी पानांचा प्रश्न करडईनं सोडवला. डिसेंबरात करडई रानभर असते आणि तिचे काटे कुणाला सांगावे लागत नाहीत. तिची कडी वळून दारांच्या चौकटींवर ठोकली. चित्रातल्या घराची चौकट उंच असावी. आमच्या चौकटी पाच फूट चार इंच. त्यामुळं त्या आठवड्यात मंडळीतल्या प्रत्येक पुरुषाच्या कपाळावर ओरखडा होता आणि तो भक्तीचा समजला जात होता. लाल फळांसाठी गुंजा डिंकानं चिकटवल्या. सोनार ज्या गुंजेनं सोनं तोलतो ती काट्यात डकवून तिला फळ म्हणायचं! मी कपाळाला पट्टी बांधली.

नाताळाच्या तीन दिवस आधी दुपारी सगळी मंडळी गाण्याच्या तालमीला बसलेली असताना शेळ्या आल्या. बाभळीचा पाला शेळीला किती प्रिय, हे उपदेशकांच्या घाटाखाली बहुधा ठाऊक नसावं. अकरापैकी नऊ झाडं साफ झाली. तालमीहून परतलो तर नऊ दारांत डब्यात एकेक काटेरी काठी उभी, आणि रस्त्याच्या मधोमध एक शेळी, दाढीला बर्फ लागलेली, निवांत रवंथ करतेय.

“हे सैतानाचं काम आहे,” उपदेशक म्हणाले.

“सैतान न्हाय सायेब,” गंगा म्हणाली, “पाटलाची शेळी हाय. मागल्या साली माझा शेवगा बी तिनंच खाल्ला.”

माझ्याबद्दलही सांगतो, नाहीतर मासिकाला नावं ठेवून स्वतःला सोडल्यासारखं होईल. मी बांबूच्या कामट्यांची चांदणी केली होती. पाच टोकं, दर दोन टोकांत बरोबर बहात्तर अंश, कोन मोजून. कागद कचेरीतला घेतला नाही. रविवारच्या शाळेचे जुने पाठ होते ते डकवले आणि हळदीत चुना कालवून लाल केले. ती चांदणी दारावर टांगून मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून एक डोळा मिटून पाहिली. एका केसाचा फरक नव्हता. बरोबर असणं, एवढंच त्या चांदणीचं म्हणणं होतं. मला वाटलं, एवढं पुरे आहे.

त्याच आठवड्यात बांगड्या विकणारा कासार दारावर आला. तो लोहाऱ्याकडची गावं करत करत यायचा, आणि बांगड्यांपेक्षा बातम्या जास्त विकायचा. गंगाच्या हातात बांगडी चढवता चढवता तो म्हणाला, “तुमचे अप्पा परंड्याकडं गेल्यात, बैलं घ्यायला. येळवशीला नवी जोडी रानात न्यायची हाय त्यास्नी. शनवारी सकाळी गाडी तुमच्या दारावरनंच जाईल.”

“थांबतील का?” गंगानं विचारलं.

“ते म्या काय सांगू, बाई? नवं बैल थांबत्यात, म्हातारं मानूस थांबत न्हाय.”

शनिवार म्हणजे नाताळ. मी लगेच हिशेब केला. येडशीला मुक्काम, तिथून आमचं दार बारा मैल, नवे बैल तासाला दोन मैल, सहाला निघाले तर बरोबर बारा. मी गंगाला सांगितलं, “बाराला येतील. थांबणार नाहीत. नऊ वर्षांत थांबले नाहीत, याच शनिवारी का थांबतील?” ती बांगड्या भरलेला हात पदराखाली घेऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “मला कडब्याच्या पाच पेंढ्या आणून द्या.”

“कशाला?”

“गोठा करायचाय. समद्यांनी झाडं केली. येसू झाडाखाली जल्मला का?”

मी पेंढ्या आणून दिल्या. ती अंगणात, रस्त्याच्या अगदी कडेला, गोठा बांधू लागली. शेंडे एकत्र घेतले, सुंभानं आवळले, बुडं पसरली, वर स्वतःची लग्नातली शाल घातली. लिंगायत शेतकऱ्याच्या घरात वाढलेला आंधळासुद्धा हातानं चाचपून सांगेल, तो गोठा नव्हता. ती कोप होती.

हरभऱ्याच्या रानात पहाटे धोतर पसरून ठेवलं की दवाबरोबर पाल्याची आंब त्यात उतरते. ती पिळून घेतली की आंबट पाणी निघतं. गंगानं ते कुणाकडून तरी बाटलीभर मिळवलं होतं. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात ठेवलं, आंबीलीसाठी. ठेचलेल्या लसणाचा वास घरभर झाला. मी कागदावर काहीतरी आकडे मांडत बसलो होतो. त्या वासानं आकडे चुकले. मला राग आला.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी उपदेशक त्या रस्त्यानं गेले, आणि थबकले.

“हे काय? ही तर अन्यधर्मीयांची येळवस!”

“गोठा हाय सायेब.”

“चित्रात असा गोठा नाही.”

“येसू जल्मला तवा मेंढपाळ रानात हुते, आसं तुमीच वाचलं. रानात मेंढपाळ कशात निजत्यात? बंगल्यात?”

उपदेशकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं पाहिलं. गृहस्थ म्हणून माझी जबाबदारी मला दाखवून दिली. ते गेल्यावर मी गंगाला विचारलं, “खरं सांग. ही कोप तू येशूसाठी बांधलीस की अप्पांसाठी?”

ती आत वाकून तुरीचा भुसा पसरत होती. काळ्या मातीचं एक वीतभर लेकरू तिनं केलं होतं, ते भुशावर निजवलं. दगड मांडले नाहीत, एकही नाही. मग बाहेर येऊन म्हणाली, “दोन आकडं येगळं काढायची सवय तुमाला हाय. मला न्हाय.”

माझ्या मनात आलं, ही बाई स्वतःलाच फसवते आहे. सजावटीचा मला जो तिटकारा आहे, तो मुळात या एका गोष्टीचा. माणूस दारावर काहीतरी टांगतो, आणि मग ते खरं होईल म्हणून वाट पाहत बसतो.

नाताळाची उपासना सकाळी लवकर आटोपली. मी हिशेबाप्रमाणं बाराला दारात उभा राहायचं ठरवून आत बसलो होतो. साडेदहालाच घुंगरं वाजली. बैल चांगले होते; माझा ताशी दोन मैलांचा आकडा चुकला होता.

अप्पांनी रस्त्यात गाडी थांबवली. सत्तरीचा माणूस, डोक्याला पटका, कपाळाला भस्म, हातात कासरा. त्यांची नजर आधी माझ्या चांदणीवर गेली.

“ही चांदणी दिवसा कशाला टांगली?” कुणालाच नाही असं बोलले. मग नजर खाली आली, कोपेवर. बराच वेळ तिथंच राहिली. गंगा दारात आली होती. तिच्या हातात आंबीलीचं मडकं होतं.

“अगं गंगे!” अप्पा म्हणाले. नऊ वर्षांनी पहिल्यांदा तिचं नाव. “येळवस परवा हाय की! दोन दिस आदी कोप? पंचांग इकून खाल्लं व्हय तुमी?”

गंगा मडकं घेऊन एक पाऊल पुढं आली.

“बापाच्या घरी हीच शिकलीस? अवस कवा, हे बी कळंना?” असं म्हणत म्हातारा गाडीतून उतरला. आणि त्यानं बैल सोडले. थांबायचंच नसतं तर कुणी बैल सोडत नाही. मला त्या क्षणी ते दिसलं. पण दिसणं आणि समजणं यात अंतर असतं, आणि ते साखळीनं मोजता येत नाही.

त्यांनी वहाणा काढल्या. रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. कोपेला उजवी घालून फिरले. मग गंगाच्या हातातलं मडकं घेऊन, कडुनिंबाचा टहाळा त्यात बुडवून, आंबील चारी बाजूंना शिंपडत म्हातारा मोठ्यानं ओरडला, “ओलगे, ओलगे!” बाजूच्या दोन घरांतली मंडळी दारांत आली. कपाळावरच्या ओरखड्यांसकट बघत राहिली.

मग अप्पा कोपेपुढं मांडी घालून बसले. वाकून आत पाहिलं. नीट पाहिलं. गंगाला म्हणाले, “थंडी लागंल की आत. भुसा थोडका हाय. अजून घाल मूठभर.”

गंगानं भुसा घातला. मग ताट आणलं. भज्जी, उंडे, वाटीत आंबील. नऊ वर्षांत ती इतक्या भराभर चाललेली मी पाहिली नव्हती. अप्पांनी उंडा हातात घेतला. “मीठ बरोबर हाय का, तेवढं तरी इसरली न्हाईस न्हवं?” ते म्हणाले, आणि गंगा हसली. पदर तोंडाला लावून हसली.

उंडा अजून तोंडात गेला नव्हता.

इथं मी बोललो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोके देत होती: या माणसाचा गैरसमज झाला आहे. याला वाटतंय आम्ही परत आलो, लेकीनं येळवस मांडली. हा खोट्या समजुतीवर आमच्या दारात जेवतो आहे. चुकीच्या खुणेवर कुणी कुंपण घालत असेल आणि मोजणीदार गप्प राहिला, तर तो कसला मोजणीदार?

“अप्पा,” मी म्हणालो, “तुमचा गैरसमज व्हायला नको. ही येळवस न्हाय. हा आमचा नाताळ हाय. आमी परत आलो न्हाय.”

अप्पांनी उंडा ताटात ठेवला. अगदी हळू, जिथून उचलला होता तिथंच. माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. हिशेबात कच्च्या निघालेल्या कारकुनाकडं पाहावं तसं.

“पावणं,” ते म्हणाले, “म्या सत्तर येळवशी बघितल्यात. पाच दगडं कसली आन् मातीचं लेकरू कसलं, येवढं मला कळत न्हाय व्हय? डोळं शाबूत हायत माझं.”

ताट त्यांनी हातानं थोडं मागं सारलं.

“तुमी गप बसला असता, तर म्या जेवून गेलो असतो. आता तुमी सांगितलं. आता मला ठावं झालं. ठावं झाल्यावर कसं जेवू?”

ते उठले. बैल जुंपले. गंगा मडकं घेऊन तिथंच उभी होती. गाडीत चढताना त्यांनी तिला फक्त एवढंच सांगितलं, “कोप झ्याक बांधलीस, बाई. पेंढ्या वाकल्या न्हाईत.” आणि गाडी तुळजापूरच्या रस्त्याला लागली. नवे बैल, भराभर गेले.

गंगा रडली नाही, भांडली नाही. ताट उचलून आत नेलं. दुपारी भांडी घासताना, पाठमोरी, एकदाच म्हणाली, “तुमाला कुनी इचारलं हुतं?”

उपदेशक बारा वाजता शेरा लिहायला आले. शेजाऱ्यांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला. “तुम्ही साक्ष दिलीत. सत्याची साक्ष,” ते म्हणाले, आणि वहीत माझ्या नावापुढं चांगला शेरा लिहिला. झाड नाही, बर्फ नाही, कडं एका बाजूनं सुटलेलं, तरी अकरा घरांत पहिला. त्या माणसाची मला त्याआधी नुसती चीड येत असे. त्या दिवसापासून मला तो माझाच भाऊ वाटू लागला, आणि याहून वाईट मला त्याच्याबद्दल काही म्हणता येणार नाही. मी चांदणी खाली काढली. तिचे कोन अजूनही बरोबर होते.

दोन वर्षांनी आमच्या घरी मुलगी झाली. निरोप पाठवला होता. अप्पा आले नाहीत. ती सहा महिन्यांची असताना ते गेले, असं त्याच कासारानं येऊन सांगितलं; गंगाच्या हातातली बांगडी अर्धी चढली होती, ती तशीच राहिली. पुढं निजाम गेला, गावावरचे झेंडे बदलले, आमची साखळी जाऊन फितीनं मोजणी सुरू झाली. गंगा मात्र दर नाताळाला पाच पेंढ्या मागते. मी आणून देतो. कोप तिथंच उभी राहते, रस्त्याच्या कडेला, आत मातीचं लेकरू, बाजूला आंबीलीचं मडकं. ते मडकं ती कुणासाठी भरते, हे मी पुन्हा विचारलेलं नाही.

मुलीला ही हकीकत ठाऊक नाही. आज, नाताळाच्या सकाळी, तिनं कोपेवर कापूस टाकायचा बेत केला. “आई, वरती थोडा बर्फ, आणि आत विजेचा दिवा. मासिकात पाचवी कल्पना आहे.” गंगा म्हणाली, “बर्फ तुज्या खिडकीत असू दे. हितं भुसा लागतोय.” मुलीनं माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. मी मासिक मिटलं. लेख लिहिणाऱ्या बाईंबद्दल मला जे वाटतं ते इथं लिहीत नाही. त्यांनी निदान कुणाच्या ताटातला घास खाली ठेवायला लावलेला नाही.

साडेदहाच्या सुमाराला एक अनोळखी म्हातारा रस्त्यानं आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मडकं, येळवशीच्या तयारीला बाजार करून रानाकडं निघालेला. कोप पाहून थांबला.

“मालक,” तो मला म्हणाला, “येळवस परवा हाय न्हवं? आज कशी?”

गंगा आत भज्जीत डाव फिरवत होती. डाव थांबला. ती मागं वळली नाही. पण तिचे कान कुठं होते ते मला तिच्या पाठीवरून कळलं.

“व्हय,” मी म्हणालो. “आमची जरा आदी असती. बसा.”

तो बसला. गंगानं ताट आणलं, यावेळी सावकाश. त्यानं आत वाकून पाहिलं, काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. त्यानं तीन उंडे खाल्ले. मी मोजले.